शेऱ्याचा रकाना

धनाजीराव जगदाळ्यांच्या घरात नवी वस्तू हवी असेल तर आधी जुनी हजर करावी लागते. टूथपेस्ट संपली म्हणून चालत नाही. ट्यूब कात्रीने उभी चिरून, आतून पुसून टेबलावर ठेवायची, मग नवी मिळते. ही घराण्याची चाल आहे. आजोबा बडोद्याच्या सरकारी पागेत नालांच्या कोठारावर होते. झिजलेला नाल जमा झाल्याशिवाय ते नवा देत नसत, मग घोडा तीन पायांवर उभा का राहीना. धनाजीरावांनी स्वतः रेल्वेच्या भांडारात अडतीस वर्षं काढली आणि त्या काळात समोर येईल त्याला एकच प्रश्न विचारला : "जुना पार्ट कुठाय?" निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ देतात. धनाजीरावांना सहकाऱ्यांनी व्हर्निअर दिला, कागदाचीही जाडी मोजणारा. बहुधा चेष्टेत दिला असावा. धनाजीरावांनी तो तिथेच उघडून, ज्या खोक्यातून आला त्या खोक्याचा पुठ्ठा मोजला.

आता वय एकाहत्तर. बडोद्याच्याच समा भागातल्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर घर. बाल्कनीत एक लोखंडी कपाट, त्यात स्कूटरचे आजवर बदललेले सगळे भाग चिठ्ठ्या लावून ठेवलेले. पत्नी कौशल्याबाई त्या कपाटाला 'म्युझियम' म्हणतात आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहतात.

स्कूटर कागदोपत्री धनाजीरावांची, पण गेले पाच महिने ती चालवत होती सून, स्नेहल. मुलगा समरजित दहेजच्या कारखान्यात. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा, म्हणजे घरातल्या भांडणांत त्याचा उपयोग शून्य. स्नेहलला वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकेजिंग कंपनीच्या तपासणी खोलीत नोकरी लागली होती. सहा महिने उमेदवारी, मग कायम. अट एकच जाचक होती. सकाळी साडेआठनंतर गेटवर पाऊल पडलं की लेट मार्क, आणि उमेदवारीत तीन लेट मार्क झाले की कायमचं पत्र मिळत नाही. तिचे दोन झाले होते. एक पंक्चरचा आणि एक कौशल्याबाईंना चक्कर आली त्या दिवशीचा. कंपनीची बस समा बाजूला येत नाही. म्हणजे जायला बावीस किलोमीटर, यायला बावीस, आणि सगळी भिस्त त्या स्कूटरवर.

स्कूटरची एक डायरी होती. पाच रकाने : तारीख, मीटर, पेट्रोल किती लिटर, ॲव्हरेज आणि शेरा. पेट्रोल स्नेहल भरायची आणि पावती धनाजीरावांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवायची. डायरी फक्त धनाजीराव उघडत.

दिवाळीत ॲव्हरेज सत्तेचाळीस होतं. नंतर पंचेचाळीस झालं. धनाजीरावांनी शेरा लिहिला : 'पंपावर माप कमी.' पंप बदलायला सांगितलं. नव्या पंपावर त्रेचाळीस आलं. म्हणजे पंप नव्हे, कोणीतरी पेट्रोल काढतंय. वरच्या मजल्यावरचा ध्रुव रोज रात्री आपली बाईक यांच्या स्कूटरला खेटून लावायचा. तीस वर्षांचा, बँकेत नोकरी, नमस्कार न चुकता करणारा. धनाजीरावांना हा नमस्कारच खटकला. शेरा : 'ध्रुव? फार वाकतो.' ते चार दिवस दुपारी पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. दुपारी स्कूटरही वाघोडियाला असायची आणि ध्रुवही बँकेत, पण खुर्ची टाकल्यावर लक्ष ठेवल्यासारखं वाटतं.

पुढच्या खेपेला एक्केचाळीस.

आता उरलं कोण? धनाजीराव सुनेला एरवी 'तू' म्हणत. संशय आला की 'तुम्ही'.

"स्नेहल, तुम्ही वाघोडियाला कुठल्या रस्त्याने जाता?"

पोळी तोंडाशी नेता नेता स्नेहल थांबली. "नेहमीच्याच, आबा. का?"

"सहज. अकोट्यावरून तर नाही ना जात?"

"अकोटा नदीच्या पलीकडे आहे, आबा. उलट्या दिशेला. तिकडून वाघोडियाला जायचं म्हणजे तोंड सोडून कानाने जेवायचं."

"मी आपलं विचारलं."

"गाडी थरथरते हो," स्नेहल म्हणाली. "सिग्नल सुटला की आधी कुरकुरते, मग सुटते. ॲक्सिलरेटर पिळला की आवाज वाढतो, पण वेग नाही वाढत. परवा एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं."

"सायकलवाला तरुण असेल," धनाजीराव म्हणाले. त्यांच्या मते ही विजेच्या नव्या स्कूटरसाठी चाललेली पूर्वतयारी होती. हल्लीच्या मुली आधी जुन्या गाडीला आजारी पाडतात. त्या रात्री एक्केचाळीसपुढे शेरा पडला : 'स्नेहल वाटेत थांबते कुठे?'

तरी त्या रविवारी ते स्कूटर घेऊन केयूरकडे गेले. केयूर पंचाल, सोसायटीच्या कोपऱ्यावर गॅरेज, चाळिशीचा. मराठी उत्तम बोलतो, फक्त वाईट बातमी गुजरातीत देतो. त्याने स्कूटर सुरू केली, डोकं एका बाजूला कलवून ऐकलं, मग डाव्या अंगाचं लांबट झाकण उघडलं. आत दोन चकत्या आणि त्यांच्यावर चढवलेला काळा रबरी पट्टा. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारा तोच. चेन नाही, गिअर नाही, सगळा भरवसा त्या पट्ट्यावर.

"काका," केयूर म्हणाला, "आ बेल्ट हवे नहीं चाले."

हा बेल्ट आता चालणार नाही, हे गुजरातीत ऐकताच धनाजीराव सावध झाले. "पुस्तकात चोवीस हजारला बदलायचा लिहिलंय. मीटर तेवीस हजार चारशे तीस. अजून पाचशे सत्तर किलोमीटर बाकी आहेत."

"बेल्टने पुस्तक वाचलं नाहीये ना, काका."

"काढ बाहेर. मोजतो."

केयूरने पट्टा काढला. धनाजीरावांनी खिशातून व्हर्निअर काढला. शेजारी पंक्चर काढून घ्यायला थांबलेला एक माणूस उठून जवळ आला. असं काही रोज फुकट बघायला मिळत नाही. पट्ट्याची रुंदी अठरा पूर्णांक एक मिलिमीटर भरली. झिजेची मर्यादा साडेसतरा.

"सहा दशांश शिल्लक," धनाजीराव म्हणाले. पकडला, असा त्यांचा चेहरा.

केयूरने पट्टा उलटा वाकवला. आतल्या दातांच्या बुडाशी बारीक भेगा उघडल्या, उन्हात तडकलेल्या टाचेसारख्या. "हे बघा. रुंदीवर जाऊ नका. आणि कडा बघा कशा चमकतात, काचेसारख्या. म्हणजे घसरतोय. इंजिन फिरतं दहा वेळा, चाकाला पोचतं आठ वेळा. पेट्रोल जास्त खाते की नाही?"

इथे धनाजीरावांनी हो म्हणायला हवं होतं. पाच महिन्यांची डायरी त्यांच्या शर्टाच्या आतल्या खिशात होती आणि तिच्यात नेमकं हेच लिहिलेलं होतं, आकड्यांत. पण पेट्रोल जास्त लागतंय हे केयूरला कसं कळलं? धनाजीरावांनी तर कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे स्नेहलने सांगितलं असणार. म्हणजे हे दोघं आधी बोलले आहेत.

"तू एवढा वाकवलास म्हणून भेगा पडल्या," ते म्हणाले.

"काका! नवा बेल्ट वाकवून दाखवू? एक भेग पडली तर फुकट बसवतो."

"नवा तयारच ठेवलायस वाटतं."

"गॅरेज आहे, काका. साडीचं दुकान नाही."

"हाच बसव परत. चोवीस हजारला बघू."

केयूरने पट्टा परत चढवला, झाकण लावलं आणि हात पुसता पुसता म्हणाला, "वहिनी रोज वाघोडिया जातात. हा सांगून तुटत नाही. तुटला की इंजिन चालू राहतं, गाडी उभी. एवढं लक्षात ठेवा."

घरी स्नेहल दारातच उभी होती. "काय म्हणाला? बेल्ट ना? मला वाटलंच. आबा, बदलून टाका ना. उमेदवारीचे तीन आठवडे राहिलेत. मला तिसरा लेट मार्क परवडणार नाही."

"तुम्हाला बेल्टच आहे हे कसं वाटलं?"

"मोबाइलवर बघितलं. थरथर, आवाज, ॲव्हरेज कमी, तिन्ही लक्षणं त्याचीच."

"आणि मी सांगायच्या आधी."

स्नेहलने सासूकडे पाहिलं. कौशल्याबाईंनी हातातली कोथिंबीर जास्तच काळजीपूर्वक निवडायला घेतली.

त्या दिवशीचा शेरा लांबला, रकान्यात मावेना म्हणून समासात गेला : 'केयूर म्हणतो बेल्ट. स्नेहलही म्हणते बेल्ट, बदला. दोघांचं आधीच ठरलेलं दिसतं. नामंजूर.' खाली सही आणि तारीख. भांडारात नामंजुरीखाली सही लागते.

पुढच्या आठवड्यात ॲव्हरेज अडतीस आलं. धनाजीरावांना झोप येईना. शेवटी मंगळवारी सकाळी स्नेहल हेल्मेट घालत असताना ते बूट घालून खाली उतरले.

"आज मी सोडतो तुम्हाला. तुम्ही मागे बसा, रस्ता दाखवा. येताना मी गाडी घेऊन येतो."

"रस्ता तुम्हाला माहीत नाही?"

"तुमचा रस्ता."

स्नेहलने मनगटावर पाहिलं. सात चाळीस. वाद घालायला वेळ नव्हता. ती मागे बसली. एरवी त्या पट्ट्यावर एका माणसाचं ओझं असायचं, आज दोघांचं झालं. धनाजीराव वाटेतला प्रत्येक फाटा निरखत चालले. ती कुठे वळायला सांगते का, कुठल्या टपरीवरचा माणूस तिच्याकडे बघून हात करतो का. कोणी हात केला नाही. ती एकदाच बोलली : "आबा, जरा जोरात घ्याल?"

हमरस्त्यावरच्या पुलाचा चढ लागला. धनाजीरावांनी ॲक्सिलरेटर पिळला. आवाज वाढला, वेग घटला. आणखी पिळला. झाकणाच्या आत चाबूक ओढल्यासारखा एक फटका बसला. मग इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडू लागलं आणि स्कूटर चढावर हळूहळू थांबली. मागे ट्रकने हॉर्न दिला. इंजिन चालू, गाडी उभी.

मीटर तेवीस हजार सातशे चौऱ्याऐंशी. घड्याळात आठ वाजून सात मिनिटं.

स्नेहल उतरली. ती बोलली असती तर धनाजीरावांना बरं वाटलं असतं. तिने हेल्मेट त्यांच्या हातात दिलं, धावत पूल उतरली, शटल रिक्षाला हात केला. पहिली भरलेली, दुसरीही. तिसरीत ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी बाहेर बसून ती गेली.

धनाजीरावांनी फोन केल्यावर केयूर वीस मिनिटांत बाईकवर आला. एका हाताने बाईक चालवत, पायाने स्कूटर ढकलत त्याने ती पुलाखालच्या ओळखीच्या गॅरेजपर्यंत नेली. झाकण उघडलं. आत पट्ट्याचे दोन तुकडे आणि काळा भुगा. केयूरने पिशवीतून नवा पट्टा काढला.

"हा लगेच कसा सापडला?" सवय ती सवय.

"तुमच्या गाडीचाच आहे. त्या रविवारपासून बाजूला ठेवला होता. नाव पण टाकलंय, हे बघा." पुठ्ठ्याच्या वेष्टनावर खरंच लिहिलं होतं : 'धनाजीकाका, आज नहीं तो काले.' आज नाही तर उद्या.

पट्टा बसेपर्यंत स्नेहलचा फोन आला. "आठ एक्केचाळीसला पोचले. तिसरा लागला." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. केयूरने सवयीने तुटके तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढे केले. "लो काका, तमारो जूनो पार्ट."

धनाजीराव घरी गेले नाहीत. पिशवी हँडलला अडकवली आणि स्कूटर वाघोडियाकडे वळवली. ती आता लोण्यावरून चालल्यासारखी जात होती, आणि ते त्यांना फार टोचत होतं.

कंपनीच्या गेटवर टाइमकीपर बसला होता. साठीचा, इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं आणि छातीवर नाव : सुभानराव. धनाजीरावांनी एका नजरेत ओळखलं. हा आपल्यापैकीच. मराठी म्हणून नव्हे. टेबलावरची हजेरीची खतावणी त्याने सुतळीने टेबलाच्या पायाला बांधली होती.

"मी स्नेहल जगदाळेंचा सासरा. आज त्यांना उशीर झाला तो गाडी बंद पडल्यामुळे. तुमच्याकडे वाहन बिघाडाची सूट असेल."

"आहे," सुभानराव म्हणाला. "पण गाडी रोज सगळ्यांचीच बंद पडते, साहेब. गेल्या महिन्यात एकाची गाडी बंद पडली, आणि तो ज्या बसने आला तिचं तिकीट आदल्या दिवशीचं निघालं. काय बिघडलं?"

"बेल्ट तुटला. नवा टाकला."

"जुना पार्ट कुठाय?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न धनाजीरावांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. सुभानरावने तुकडे बाहेर काढले, वास घेतला, वाकवून भेगा बघितल्या.

"ह्या भेगा एका दिवसाच्या नाहीत. ही गाडी महिनाभर तरी सांगत असणार. मग बदलला का नाही? आमचा नियम साधा आहे. अचानक बिघाड झाला तर सूट. माहीत असून हयगय केली तर मार्क कायम. त्यांना माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. त्या बदला म्हणाल्या होत्या. मीच नाही म्हटलं."

सुभानराव हसला. "सासरे असंच म्हणणार हो. सुनेची नोकरी आहे. मीही म्हटलं असतं. लेखी काही?"

धनाजीरावांचा हात आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. लेखी होतं. तारखेनिशी, सहीनिशी होतं. पण त्या रकान्यात आणखीही बरंच होतं. तेवढ्यात सुभानरावने आत फोन लावून स्नेहलला गेटवर बोलावलं. ती पांढरा कोट घालून आली, सासऱ्यांना बघून जागीच थांबली. डोळे लाल होते.

धनाजीरावांनी डायरी काढली, पान उघडलं, आकड्यांवर बोट ठेवलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर अंगठा.

"सत्तेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस, अडतीस. बघा, पट्टा घसरत गेला तसं ॲव्हरेज…"

"अंगठा काढा," सुभानराव म्हणाला.

"तो घरगुती भाग आहे."

"रकाना झाकलेला कागद मी पुरावा धरत नाही. तुम्ही धरला असता?"

नसता धरला. धनाजीरावांनी अंगठा काढला. सुभानरावने चष्मा खाली ओढला आणि वाचायला लागला. मोठ्याने, कारण तो सगळंच मोठ्याने वाचत असावा.

"'पंपावर माप कमी.' बरं. 'ध्रुव? फार वाकतो.' हा कोण? असू दे. एक्केचाळीस… 'स्नेहल वाटेत थांबते कुठे?'"

स्नेहलने सासऱ्यांकडे पाहिलं. धनाजीराव गेटवरची सुरक्षेची पाटी वाचू लागले. पाटी गुजरातीत होती. त्यांनी ती दोनदा वाचली.

"आणि हे समासात," सुभानराव पुढे म्हणाला, "'केयूर म्हणतो बेल्ट. स्नेहलही म्हणते बेल्ट, बदला. दोघांचं आधीच ठरलेलं दिसतं. नामंजूर.' सही. तारीख गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारची." त्याने सही आणि धनाजीराव असं दोन वेळा आलटून पालटून पाहिलं. "ही सही तुमचीच?"

"माझीच."

"एवढं स्वतःविरुद्ध कोणी खोटं लिहून ठेवत नाही," सुभानराव म्हणाला. त्याने सुतळी सैल केली, खतावणी ओढली आणि त्या दिवसाच्या ओळीवर लाल पेनाने लिहिलं. धनाजीरावांनी उलट्या बाजूने वाचलं : 'वाहन बिघाड. हयगय : सासरे. मार्क रद्द.'

स्नेहलने श्वास सोडला. मग हात पुढे केला. "डायरी द्या, आबा. संध्याकाळी आणते."

"कशाला?"

"वाचायची आहे. पहिल्या पानापासून."

त्यांनी दिली. न देऊन करणार काय? ती आत गेली. धनाजीराव पिशवी उचलायला वळले, तर सुभानरावने ती खणात टाकून कुलूप लावलं होतं.

"तो माझा जुना पार्ट आहे."

"आता रेकॉर्डला लागला. पुरावा परत देत नाही."

बाल्कनीतल्या कपाटात त्या पट्ट्याची जागा आजही रिकामी आहे. चिठ्ठी मात्र आहे : 'बेल्ट, २३,७८४. वाघोडिया गेटवर जमा.'

पुढचे अकरा दिवस स्नेहल सासऱ्यांशी लागेल तेवढंच बोलली. डायरी तिने परत दिली नाही. धनाजीराव पावत्या चष्म्याच्या डबीखाली शोधत, सापडत नसत. एकदा त्यांनी कौशल्याबाईंना विचारलं, "ती काय लिहिते त्यात?"

"मला काय माहीत? वाटेत कुठे थांबते ते लिहीत असेल," कौशल्याबाई म्हणाल्या. म्हणजे त्यांनी वाचली होती.

बाराव्या दिवशी कायमचं पत्र आलं. स्नेहलने ते देवापुढे ठेवलं, सासूला पेढा दिला, सासऱ्यांना दिला आणि डायरी टेबलावर ठेवली.

"आकडे तुम्ही लिहा, आबा. शेऱ्याचा रकाना इथून पुढे माझा."

"तू लिहिणार?" ते म्हणाले. तोंडातून 'तू' कधी निघालं ते त्यांनाच कळलं नाही. कौशल्याबाईंना कळलं.

स्नेहल कपडे बदलायला आत गेल्यावर त्यांनी पान उघडलं. तारीख आजची. मीटर चोवीस हजार दोनशे एक. ॲव्हरेज सेहेचाळीस. दिवाळीत सत्तेचाळीस होतं, एक कुठे गेला? त्यांनी आवाज न करता पेनाचं टोपण काढलं आणि मग शेऱ्याकडे नजर गेली. टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं :

'बेल्ट ठीक. आबांवर लक्ष ठेवणे.'

खाली सही आणि तारीख होती.